रहीमभाईंची मशक

वलगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस दरसाल पेटे. म्हणून १९२७ साली आग विझवायचा, हातदांड्यांचा एक जुना बंब आला आणि तो अब्दुल रहीम भिस्त्यांच्या हवाली झाला. घरोघरी आड झाल्यापासून पाणी वाहायच्या त्यांच्या कातडी मशकीला गिऱ्हाईक उरले नव्हते. बंबाने त्यांना पुन्हा कामाला लावले. दर शुक्रवारी नमाजानंतर ते आठ गड्यांना दांड्यांवर उभे करीत, ‘एक पानी, दोन पानी’ म्हणत ताल धरीत आणि पितळी तोटी स्वतःच्या हातात ठेवीत.

सहा महिन्यांनी अमरावतीहून निरोप आला. सोमवारी साहेब तपासणीला येतील. जिनाच्या आढ्यावरून पाणी गेले नाही, तर बंब भातकुलीला जाईल.

रविवारी सकाळी सरावाला सगळे जमले. दांडे हलू लागले आणि चामड्याची नळी दोन ठिकाणी उकलली. गडी भिजले, आढे कोरडेच राहिले. चौकशीत कळले की जिनाचे कारभारी खुशालराव यांनी नळी धुऊन, पुसून तीन दिवस कडक उन्हात वाळवली होती.

“साहेबाले चकचकीत दिसावी म्हनून केलं, रहीमभाई.”

“मशक अन् नळी एकाच जातीच्या, खुशालराव. पोटात पानी अन् अंगाले चरबी, तवाच जगतात.”

चरबीला हात लावायला गडी तयार होईनात. शेवटी एरंडेलाचा तोडगा निघाला. दुपारपर्यंत नळी विहिरीच्या हौदात भिजली, मग खुशालरावांनी धोतर खोचून तिला तेल चोळायला घेतले. गडी त्यांना, नव्या बाळंतिणीची मालीश चालली आहे काय, असे विचारीत होते. खुशालराव मान वर करीत नव्हते.

भेगांना मात्र ठिगळ हवे होते, आणि तसे मऊ चामडे गावात एकाच ठिकाणी होते. रहीमभाईंनी घरी जाऊन खुंटीवरची मशक उतरवली. ती त्यांच्या वडिलांची होती. गिऱ्हाईक नसले तरी ते तिला वेळेवर चरबी लावीत. त्यांची बायको सितारा चुलीपाशी होती.

“आता तिलेच कापता?”

“इथं टांगून ती कोनाले पानी पाजते?” रहीमभाई म्हणाले, आणि मशकीवरून हात फिरवीत बसले. मग त्यांनी चामडे कापायची रापी घेतली. सिताराने मेण लावलेला दोरा ओवून दिला. दिवस मावळायच्या आत दोन्ही ठिगळे दुहेरी टाक्यांनी बसली.

सोमवारी साहेब घड्याळ धरून उभे राहिले. एक पानी, दोन पानी. नळी फुगली. पहिल्या ठिगळातून चार थेंब आले, आणि खुशालरावांनी डोळे मिटून घेतले. पण भिजून चामडे फुगले, टाके आवळले आणि थेंब थांबले. पाणी कौलांवर चढले, आढे ओलांडून पलीकडच्या सरकीच्या ढिगावर पडले. साहेबांनी कागदावर सही केली. बंब वलगावलाच राहिला.

पुढच्या शुक्रवारी रहीमभाई सरावाला आले तेव्हा खुशालराव एरंडेलाची वाटी घेऊन आधीच नळीपाशी बसले होते. पुढे कित्येक वर्षे त्यांचा एकही शुक्रवार चुकला नाही.