तेरवीची पत्रिका
चामोर्शीत बाबांचं पत्रिका छापायचं दुकान होतं. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं.

"फेका आता ते," मी चिडायचो.

"मले हेच जमते," ते म्हणायचे.

बाबा गेले, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला होता. तेरवीची पत्रिका त्यांच्याच अक्षरांत हवी, म्हणून त्यातली डिस्क काढून मी ते सॉफ्टवेअर माझ्या विंडोज नसलेल्या, लिनक्सच्या लॅपटॉपवर चालवायला बसलो. दोन दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी उघडलं.

आत आईच्या तेरवीची पत्रिका तशीच होती. खाली 'शोकाकुल'मध्ये आधी बाबांचं नाव, मग माझं. बाबांचं नाव तिथून कट करून वर आईच्या जागी पेस्ट केलं.

खाली मी एकटाच उरलो.