कमलेशचा बैल घरीच राहतो

कुंताबाईचा गोठा माझ्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे तिचं समाजकार्य मला कानांनी सोसावं लागतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म काढला, मग निवृत्त झाल्यावर गपगुमान घरी बसावं की नाही? छे! म्हशी विकल्या, गोठा सारवून घेतला आणि तुमसरात ज्यांना घर नाही त्यांची लहान पोरं तिथे जमवायला लागली. भंडाऱ्याच्या एका संस्थेने ठोकळे, बाहुल्या, चेंडू दिले. खिचडी तीच शिजवते. तेवढ्या वेळात आया कामावर जाऊन येतात.

तिचा एक नियम मात्र कडक. खेळणं घरी न्यायचं नाही, संध्याकाळी सगळं पेटीत. मी एकदा म्हटलं, नेला एखाद्याने चेंडू तर काय आभाळ कोसळतं? तर म्हणे, खेळणं इथे राहिलं की पोर त्याच्या ओढीने उद्या येतं. घरी गेलं की पोरही गेलंच समज. ही माणसं आज इथे तर उद्या कुठे, हे तिने बरंच पाहिलंय.

कमलेश त्यातलाच, चार वर्षांचा. दिघोरीकडे त्यांचं मातीचं घर पावसात बसलं. जागाही दुसऱ्याची होती, म्हणून आता रेल्वेच्या कुंपणाला ताडपत्री बांधून राहतात. बाप ईश्वर नागपूरला बांधकामावर असतो. आई रीता राईस मिलमध्ये पोत्यांत कोंडा भरते. मशीनजवळ पोर दिसलं तर उद्यापासून येऊ नको, असं मिलवाल्याने तिला बजावून ठेवलेलं. म्हणजे कमलेश गोठ्यात बसला तरच रीताची चूल पेटणार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण, तान्हा पोळा आला. कुंताबाईने सुताराकडून चाकांचे लहान लाकडी बैल करून घेतले, झुली शिवल्या आणि पोरांना घेऊन आमच्या गल्लीत दारोदार फिरली. बायकांनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून सुटे पैसे, खाऊ ठेवला. मीही ठेवला, सणाच्या दिवशी कोण तोंड वाकडं करतं? परत आल्यावर तिने पेटी उघडली. सगळ्यांनी आपापले बैल ठेवले. कमलेशने ठेवला नाही.

"माह्या घरची पूजा बाकी हाये," तो म्हणाला.

कुंताबाईचा पारा चढायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ती चक्क त्याच्याबरोबर कुंपणापर्यंत गेली. रीताने ताडपत्रीपुढची जागा झाडून रांगोळी घातली होती. पाण्याचा लोटा घेऊन ती वाट पाहत होती. तिने बैलाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं आणि आत नेऊन ठेवला. आपल्या घरी पुजलेला बैल त्या घरचाच होतो, तो परत कोण मागणार? कुंताबाई हात हलवत आली आणि माझ्यापाशी कुरकुरत बसली.

दुसऱ्या दिवशी कमलेश आला नाही. "गेलं पोर," म्हणाली, आणि खिचडी चुलीवर तशीच सोडून निघाली. मी विस्तव ओढला आणि तिच्या मागे गेले. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

ताडपत्री जागेवर होती. कमलेश तिच्या तोंडाशी मांडी ठोकून बसला होता आणि रीता रडवेली उभी होती. मिलचा भोंगा होऊन गेलेला. पोरगं हलायलाच तयार नाही, म्हणाली. घरात बैल आहे, आपण गेल्यावर कोणी नेला तर, असं त्याचं म्हणणं. आजवर त्यांच्याकडे कोणी चोरून न्यावं असं काही नव्हतंच. कुंताबाई त्याला म्हणाली, बैल घेऊन चल. त्याने मान हलवली. पुजलेला बैल घरातच राहतो, हे त्याला आईनेच सांगितलं होतं.

कुंताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता झापते.

"रीता, तू जाय कामावर," ती म्हणाली. "मी बसतो इथं." मग माझ्याकडे वळून तिने हुकूम सोडला, की बाकीची पोरं आणि खिचडी इकडेच घेऊन ये. जशी काही मी तिच्या पगारावर आहे!

ती ताडपत्रीपुढच्या दगडावर टेकायला गेली. रीता चार पावलं गेलेली, ती परत वळली.

"मावशी, बाहेर काहून बसता? घरात बसा ना."

कुंताबाईने चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि वाकली. कमलेश तेवढ्यापुरता बाजूला सरकला.