सहा जणांचं विमान

वैजयंती देवपुजारी यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे दौरे टाइप केले. भोपाळच्या वल्लभ भवनात, म्हणजे तिथल्या मंत्रालयात, एका खात्यात त्या लिपिक होत्या. साहेब किती वाजता निघणार, कुठे उतरणार, कुणाला भेटणार, हे सगळं त्यांच्या बोटांतून कागदावर उतरायचं. अकरा दहाला विमानाने भोपाळहून प्रस्थान, बारा दहाला जबलपूर आगमन. त्यांच्या कागदात कधी चूक सापडली नाही. स्वतः त्या मात्र रोज नेहरू नगरहून ऑफिसात आणि वर्षातून एकदा माहेरी नागपूरला जायच्या, तेही रेल्वेने.

विमानात बसायची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही असं नाही. दाखवली, पण कुकरची शिटी होत असताना, किंवा नळ सोडलेला असताना. जागा कमी पडली की मागे राहायचं, ही त्यांची जुनी सवय होती. रिक्षात माणसं मावेनात की, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून." लग्नाच्या पंगतीत पाट कमी पडले की, "मी वाढते, नंतर बसेन." त्यांना तसं कुणी सांगायचं नाही. त्या स्वतःच म्हणतील याची सगळ्यांना खात्री असायची.

नवरा सुधाकर भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. टर्बाइनच्या कामात हयात गेलेली, त्यामुळे जी वस्तू फिरते ती कधीतरी बंद पडते, असं त्यांचं ठाम मत. घरातला पंखासुद्धा ते आधी तीन मिनिटं ऐकायचे आणि मग त्याखाली झोपायचे.

गेल्या ऑक्टोबरात वैजयंतीबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली. मुलगा सौरभ पुण्याहून आला, मुलगी स्नेहा जबलपूरहून. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये साठीची शांत झाली आणि मग गुळाची तुला. करोंदच्या मंडीतून लाकडी तराजू आणला होता. गूळ किती लागेल म्हणून सुधाकरांनी आधी विचारलं, तेव्हा वैजयंतीबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "आणा पासष्ट किलो." पासष्ट हे त्यांचं वजन होतं खरं, सौरभ चौथीत असताना.

तुलेच्या दिवशी एका पारड्यात हार घालून वैजयंतीबाई आणि दुसऱ्यात पासष्ट किलो गूळ. गुळाचं पारडं वरच राहिलं. गुरुजी अनुभवी होते. काही न बोलता त्यांनी ओटीचे नारळ ठेवले, मग तांदळाचं छोटं पोतं, मग पूजेची समई. वैजयंतीबाई सगळा वेळ छताकडे बघत होत्या. शेवटी पारडी समोरासमोर आली, टाळ्या पडल्या, गूळ आणि तांदूळ अनाथाश्रमात गेले. पण नारळ-तांदळाचा हिशेब कोण लक्षात ठेवतो. सगळ्या कुटुंबात 'पासष्ट किलोची तुला' हेच कायम झालं.

साठीची भेट म्हणून मुलांनी आईबाबांना जबलपूरची विमानाची तिकिटं काढली. मोठं विमान नव्हे, राज्यातल्या राज्यात उडणारं, सहा प्रवाशांचं, नाकावर एकच पंखा असलेलं. फॉर्मवर प्रत्येकाचं वजन विचारलं होतं. सौरभने पुण्यात बसून भरलं. बाबा एकोणसाठ. आई पासष्ट.

"एकच इंजिन?" सुधाकरांनी फोनवर विचारलं.

"बाबा, तुमच्या स्कूटरला किती होती?"

"स्कूटर बंद पडली की मी खाली उतरायचो."

तरी ते तयार झाले. जानेवारीतली सकाळ होती, संक्रांत नुकतीच झालेली. वैजयंतीबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि स्नेहासाठी एक पिशवी भरली होती. तिळाचे लाडू, मेतकूट, वर्षाचा गोडा मसाला.

विमानतळावर आधी पिशवीचं वजन झालं. मग काउंटरवरची अश्विनी नावाची मुलगी, जी त्यांच्या स्नेहापेक्षाही लहान दिसत होती, अगदी गोड आवाजात म्हणाली, "आंटी, अब आप आ जाइए."

"मी कुठे?"

"काँटे पर."

वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीतून बाहेर, उभ्या असलेल्या विमानाच्या पंख्याकडे बघत होता. चपला काढून त्या काट्यावर चढल्या. आकडा थोडा थरथरला आणि स्थिर झाला. अठ्ठ्याहत्तर.

"फॉर्म में तो पैंसठ है," अश्विनी म्हणाली.

"वो गूळ का है," वैजयंतीबाई म्हणाल्या. अश्विनीला अर्थातच काही कळलं नाही.

सुधाकर आता इकडे वळले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "तरीच," एवढंच म्हणाले. तुलेच्या दिवसापासून समई का चढवावी लागली हे कोडं त्यांच्या डोक्यात असणार.

अश्विनीने दोन्ही वैमानिकांना बोलावलं. त्यातला मोठा वैमानिक नम्रपणे म्हणाला की विमान लहान आहे, सगळ्या जागा भरलेल्या आहेत, आणि तेरा किलो जास्त होतंय. काहीतरी कमी करावं लागेल.

"पिशवी ठेवा," वैजयंतीबाई ताबडतोब म्हणाल्या. आठ किलो गेले. मग त्यांनी स्वेटर काढला, पर्समधून अडकित्ता काढला, पाण्याची स्टीलची बाटली काढली. सुधाकरांच्या बॅगेतून त्यांचा टॉर्च आणि पान्यांचा छोटा संच निघाला.

"अहो, पाने कशाला घेतलेत?"

"असू द्यावेत."

"वर जाऊन काय विमान उघडणार होतात?"

रांगेतले जबलपूरचे एक वकील हसू दाबत म्हणाले, "बहनजी, मेरा नाश्ता भी भारी हो गया आज." त्यांनी आपली एक फाइल खुशीने बाजूला ठेवली. तरी तीन किलो उरले. वैमानिकाने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

अश्विनी अवघडून म्हणाली, "आप दोनों में से कोई एक... अगर ट्रेन से आ जाए."

सुधाकरांनी बायकोकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. ते फक्त थांबले होते, जसे रिक्षापाशी थांबायचे, वैजयंतीबाई आपलं नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून. काचेपलीकडे पांढरं विमान उभं होतं, जवळपास त्यांच्या गल्लीतल्या स्कूलबसएवढंच. त्याची चार पायऱ्यांची शिडी खाली सोडलेली होती.

वैजयंतीबाईंनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलेलंच होतं. 'तुम्ही व्हा पुढे.' त्यांनी ते परत आत ढकललं. नाक पुसलं.

"हे राहतील," त्या म्हणाल्या.

"मी?" सुधाकर म्हणाले.

"तुम्हाला एकच इंजिन पटत नाही ना. मग."

"तू एकटी जाणार?"

"एकटी कशी? चार माणसं आहेत आणि दोन वैमानिक. रेल्वेत तुम्हीच एकटे असाल."

सुधाकरांना काहीतरी म्हणायचं होतं. पण चेहऱ्यावरची सुटका लपेना. त्यांनी घाईघाईने स्वेटर उचलून बायकोच्या खांद्यावर टाकला. "हा ठेव. वर गार असेल. आणि आता माझे एकोणसाठ गेले ना, मग ती पिशवीही घेऊन जा. स्नेहाचे लाडू कशाला गाडीत हेलपाटवू." वकिलांनाही त्यांनीच त्यांची फाइल परत दिली.

"पाने?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"ते माझ्याकडे राहू देत."

विमानात वैजयंतीबाईंची जागा वैमानिकांच्या अगदी मागे आली. मध्ये दार नव्हतं. दोन माणसांच्या खांद्यांमधून सगळ्या घड्याळांच्या तबकड्या दिसत होत्या. पंखा आधी वेगळा वेगळा दिसला, मग त्याची चकती झाली, मग तीही दिसेनाशी झाली. खुर्ची थरथरत होती. दात वाजू नयेत म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.

मग जमीन सुटली.

करोंदची मंडी खाली गेली, ट्रॉल्या, पोती, सगळं काडेपेट्यांसारखं. विमान वळलं तसा मोठा तलाव एका बाजूला उभाच राहिला. पुढे गव्हाची शेतं, चौकोन चौकोन, हिरवे. एकदा विमान भसकन खाली गेलं, वकिलांनी देवाचं नाव घेतलं, आणि वैजयंतीबाईंना लहान मुलीसारखं हसू फुटलं. नर्मदा दिसली तेव्हा त्यांनी वकिलांच्या दंडाला हात लावून ती दाखवली, जणू ती वकिलांच्या गावची नव्हतीच.

जबलपूरला स्नेहा विमानतळाच्या दाराशी उभी होती. "आई, बाबा कुठायत?"

"गाडीने येतायत. आधी त्यांना फोन लाव."

सुधाकर अजून भोपाळ स्टेशनात बाकावर बसले होते. हातात पोह्यांचा कागद होता. "पोचलीसही?" त्यांनी विचारलं. "इथे गाडी अजून लागायचीय."

"पोचले."

"भीती वाटली?"

"वाटली थोडी. पण बघण्यासारखं इतकं होतं की भ्यायला वेळच मिळाला नाही."

मग सुधाकरांनी हळूच विचारलं, "इंजिन कसं ऐकू येत होतं?"

वैजयंतीबाईंनी पिशवी स्नेहाच्या हातात दिली, बाजूची खुर्ची ओढली आणि नीट बसल्या. आवाज सुरुवातीला कसा जाड होता, वर गेल्यावर कसा बारीक झाला, वैमानिकाने कुठली दांडी ओढल्यावर तो बदलला, डाव्या तबकडीतला काटा कुठवर गेला, एकेक करून त्या सांगू लागल्या. सुधाकर मधेमधे "मग?" म्हणत होते. गाडीची घोषणा झाली तेव्हाही ते बाकावरून लगेच उठले नाहीत. "थांब, ते काट्याचं परत सांग," ते म्हणाले.