उभ्यानं चाललेल्या सभा

द्वारकाबाईंचा जन्म पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या सालचा. तारीख विचारली की त्या एवढंच सांगायच्या. पिशोरच्या पुढच्या एका खेड्यात मी ग्रामसेवक होतो तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती, आणि गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं होतं. आधीचे सरपंच त्यांचे मोठे दीर, नाव कारभारी, आता नुसते सदस्य. माणूस वाईट नव्हता, पण सगळा गावगाडा आपल्याच खांद्यावर आहे असं समजणारा. भावजयीचं नाव त्यांनीच पुढं केलं.

निवडीला तालुक्याच्या गावाहून, कन्नडहून साहेब आले. नव्या सदस्यांना नारळ दिले, पुरुषांना टॉवेल-टोपी, बायांना खण. नऊपैकी सहा हात वर झाले आणि द्वारकाबाई सरपंच झाल्या. साहेबांनी खुर्ची दाखवली, पण बाई जागच्या हलेनात. समोर मोठे दीर बसलेले. त्यांच्यापुढं बसायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही लग्नापासूनची रीत. साहेबांना पुढच्या गावाची घाई होती. "बसतील हळूहळू," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

त्या हळूहळूला दीड वर्ष लागलं. दर महिन्याला बाई पदर पुढं ओढून भिंतीशी उभ्या राहायच्या. सरपंचाची खुर्ची रिकामी. बाकीच्या दोन सदस्य बाया दाराशी सतरंजीवर. द्वारकाबाई माझ्याशी हळू बोलायच्या, ते मी मोठ्यानं सांगायचो आणि कारभारी उत्तर मला द्यायचे. एका चुलीवर जेवणारी दोन माणसं, आणि मध्ये मी! बाई दर सभेत एकच सांगायच्या, "खालच्या आळीला नळ पायजे. तिथल्या बाया मैलभर जात्यात." मी सांगायचो, "पाण्याचा विषय आहे." कारभारी म्हणायचे, "बघू." की संपली सभा. मी याला मर्यादा म्हणत होतो. खरं तर ते माझ्या सोयीचं होतं, मला पाचची एसटी गाठायची असायची. आज लाज वाटते.

मग खालच्या आळीचे सदस्य वारले. पोटनिवडणुकीत जैतुनबी निवडून आली. बांगड्या भरणारी बाई, गावातल्या प्रत्येकीचं मनगट तिच्या ओळखीचं. पहिल्या सभेला ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली. मी नारळ दिला, खुर्ची दाखवली. तिनं खुर्चीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि जाऊन द्वारकाबाईंच्या शेजारी उभी राहिली.

"अगं, बस की," कारभारी म्हणाले.

"सरपंच उभी हाय. मग मी कशी बसू?"

"तिचं येगळं हाय. आमच्या घरची रीत हाय ती."

"आसंल. पर मला वाटलं, ही पंचायतीची रीत हाय," जैतुनबी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं.

द्वारकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराशी बसलेल्या दोघींकडं. आपण मोठ्यांचा मान राखतो, त्यात कुणाचं काय जातं, असं त्या समजत आल्या होत्या. त्यांच्या उभं राहण्यानं दुसऱ्या बायांचीही जागा ठरते, हे मला तरी त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. त्यांनाही नसावं.

"बस जैतुनबी," त्या म्हणाल्या.

"आधी तुमी."

द्वारकाबाई भिंतीपासून निघाल्या. चार पावलांचं अंतर. खुर्चीच्या अगदी कडेला त्या टेकल्या. पदर तसाच डोक्यावर. जैतुनबी बसली. कारभारी मात्र ताडकन उठले. ते आता निघून जाणार आणि घरी बाईंचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"दादा, बसा," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज कापरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "खालच्या आळीच्या नळाचं बोलायचं हाय. बघू म्हनू नका. कधी, ते सांगा."

कारभारींनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि इतिवृत्त लिहायला घेतलं.