गोल बॅनरमध्ये वर कोण होतं?

रविवार, ७ डिसेंबर. संध्याकाळी सव्वासहा वाजता उत्तम साळवे यांचं नाटक मारलं गेलं.

साळवे स्वतः काल पहाटे गेले. पडेगावच्या घरी, झोपेत. हृदय बंद पडलं. ते मी कुणावरही ढकलत नाही.

नाटकाचं मात्र ढकलणार आहे.

साळवे मूळचे पिशोरचे. शाळामास्तर. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच नाटक लिहिलं, "बारा पायांची खुर्ची". तीन पक्षांचं सरकार. स्टेजवर तीन खुर्च्या एका दोरीने बांधलेल्या. एक जण उठला की उरलेले दोघं कलंडतात.

मी त्यात राज्यपाल होते.

नन्सच्या शाळेत शिकले आणि पुढे तिथंच इंग्रजी शिकवलं. माझं मराठी ऐकून लोक अजून गालात हसतात. म्हणून आधीच सांगितलं, "साळवे, माझे उच्चार कॉन्व्हेंटचे आहेत."

"म्हनून तर घेतलं, मॅडम. राज्यपालाला कुठं मराठी येत असतंय? तुम्ही हाय तसंच बोला."

"हा अपमान आहे."

"व्हय. पण रोल बी लई भारी हाय."

आमची संस्था म्हणजे साळवे, मी आणि लाइट बघणारा त्यांचा एक भाचा. म्हणून दोन संस्था सोबत घेतल्या. एक शहरातली जुनी, डॉक्टरांची. दुसरी चिकलठाण्याच्या कामगारांची, बंडूभाऊंची.

"सरकार पाडायचं नाटक करायलाबी युतीच लागली बघा," साळवे हसायचे.

डॉक्टर मुख्यमंत्री, बंडूभाऊ उपमुख्यमंत्री. दोघंही उत्तम काम करत होते. हे लिहिताना हात जड होतो, पण करत होते.

मग बॅनर आला.

डॉक्टर म्हणाले, आमची संस्था सगळ्यात जुनी, नाव आधी. बंडूभाऊ म्हणाले, माणसं सगळ्यात जास्त आमची, नाव आधी.

साळवेंनी तोडगा काढला. गोल बॅनर. तिन्ही नावं कडेने गोलात. पहिलं कुणी नाही, शेवटचं कुणी नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. मला वाटलं, हा माणूस राजकारणात असता तर देशाचं भलं झालं असतं.

प्रयोगाच्या दिवशी बॅनर हॉलच्या गेटवर लागला. बंडूभाऊ मान वाकडी करून बघत उभे राहिले.

"सर, गोल है, मान्य. पण गोलात बी वर कोन हाय, ते बघा ना."

वर डॉक्टरांची संस्था होती. बंडूभाऊंच्या माणसांनी बॅनर उतरवला आणि फिरवून पुन्हा लावला. गोलच होता. छान फिरला.

मग डॉक्टरांची गाडी आली. आता त्यांचं नाव खाली गेलेलं. अक्षरं उलटी.

"साळवे, मी असा उलटा लटकणार नाही."

"डॉक्टर, मी बॅनरच काढतो. बिनबॅनरचं करू."

यावर दोघंही एकदम म्हणाले, "बॅनर नाही तर आम्हीही नाही."

त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

सव्वासहाला डॉक्टर मुख्यमंत्र्यांच्या जाकिटातच गाडीत बसले. त्यांचे नट मागोमाग. बंडूभाऊ म्हणाले, "आता हमारा क्या काम?" आणि चहाला गेले. माणसांसकट. परत आले नाहीत.

साळवे पडद्यापुढे गेले. हात जोडले.

"मंडळी, माफ करा. सरकार पडलंय. पाठिंबा काढून घेतलाय. आज काय होनार नाय."

टाळ्या.

मागून कुणीतरी शिटी मारली. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं.

साळवे तसेच उभे. हात जोडलेले. लोक आणखी हसले.

मग मी राज्यपालांच्या साडीत बाहेर गेले. "लेडीज अँड जेंटलमेन, धिस इज नॉट द प्ले." हॉल कोसळला. एवढा लाफ्टर मला आयुष्यात मिळाला नव्हता. देव करो, परत न मिळो.

पुढच्या रांगेत साळवेवहिनी होत्या. नवी साडी नेसून. तालमीला रोज थर्मास भरून देणारी ही बाई नाटक पहिल्यांदा बघायला आली होती. साळवे मला नेहमी म्हणायचे, "शंभर प्रयोग नको, मॅडम. एक करू. हिला एकदा पुढं बसून बघू द्या."

सगळ्या हॉलमध्ये एकट्या त्या हसत नव्हत्या.

लोक पांगले तेव्हा साळवे खुर्च्यांची दोरी सोडत बसले होते. "पुन्हा तारीख मिळंल का, मॅडम?"

मी दोघांना फोन केले. डॉक्टरांनी उचलला नाही. बंडूभाऊ म्हणाले, "पहले उनको माफी मागू द्या."

नंतर साळवेंनी तो विषय काढलाच नाही.

आज सकाळी त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर बॅनर लागला आहे. चौकोनी. मध्ये साळवे. खाली "शोकाकुल": डॉक्टर, बंडूभाऊ. एका ओळीत, सरळ, हात जोडलेले फोटो. मला न विचारता तिसरं नाव माझं.

वहिनी दारातून बराच वेळ त्या बॅनरकडे बघत होत्या.

मग मला म्हणाल्या, "ताई, याच्यात भांडन नाय झालं का?"

साळवे, तुमचं नाटक आता होणार नाही. कुणी म्हणेल, तुमच्या स्मरणार्थ करू. नको. ते बघायला तुम्ही नाही, आणि वहिनींना आता बघायचं नाही. निरोप घेते. राज्यपालांची खुर्ची मी सोडली.

डॉक्टर, बंडूभाऊ, वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर द्या. आधी कोण, नंतर कोण, हे तुम्ही एका दिवसात कसं ठरवलंत, आणि त्या संध्याकाळी का नाही ठरवलंत?

या पोस्टच्या कमेंटमध्ये नको. फोनवर नको. कागदावर, दोघांच्या सहीने. आधी सही कुणी करायची, तेही आता तुम्हाला जमतं.

आणि माझं नाव त्या बॅनरवरून आजच काढा.

येत्या रविवारी सकाळी दहाला साळवेंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्याआधी उत्तर वहिनींच्या हातात पडलं पाहिजे. येईल असं मला वाटत नाही. तरी मी दारात बसून वाट बघणार आहे.