दलालमामांचा रुमाल

दलालमामांचा आवाज वारंगा फाट्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई, पण भावाचा आकडा त्यांनी कधी तोंडाने उच्चारला नाही. ते मेंढ्या-बकऱ्यांची दलाली करत. सौदा ठरवताना गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती कितीही गर्दी असो, कुणाला पत्ता लागत नसे.

मी तेव्हा फाट्यावर नवा दवाखाना थाटला होता आणि स्वतःच्या हुशारीबद्दल माझा बराच गैरसमज होता. मामांना साखरेचा आजार. प्रत्येक गोळीवर ते घासाघीस करत. "ही काहून? ती काहून न्हाई?" मी वैतागून म्हणायचो, "डॉक्टर कोण आहे, तुम्ही की मी?"

"डाक्टर तुमीच. पन पोट माझं हाय ना?"

पुढे एका संस्थेने आम्हा डॉक्टरांना एक काम दिलं. उपचार ठरवताना डॉक्टर पेशंटला कितपत विचारतो, याचे पेशंटनेच शून्य ते पाच गुण द्यायचे. मी स्वतःच विचारायला बसलो आणि सगळ्यांनी मला पाच दिले. घरी जाऊन बायकोला ऐकवलंसुद्धा. मामा मात्र दवाखान्यातल्या बाकावर बसून हे सगळं बघत हसत होते.

"तुमच्या तोंडावर कमी कोन सांगंल? थांबा, म्या बघतो."

दुसऱ्या दिवशी तेच बाहेर रुमाल घेऊन बसले. पेशंट निघाला की प्रश्न विचारायचे आणि रुमालाखाली त्याचा हात घ्यायचे. संध्याकाळी म्हणाले, "बहुतेकांनी मूठ दिली." मूठ म्हणजे पाचही बोटं एकत्र, या हिशेबाने मी खूश. मामांनी मला थोडा वेळ तसं राहू दिलं.

"मूठ म्हंजे एक बी बोट न्हाई, डाक्टर."

त्यानंतर मी विचारायला लागलो, आणि तेही अति. साध्या सर्दीलाही "तुम्हाला काय वाटतं, काय करू या?" एक बाई नवऱ्याला म्हणाली, "याला कायबी येत न्हाई वाटतं, चला वसमतला." आणि ते खरंच गेले.

मग मामांच्याच पायाचं बोट काळं पडलं. एरवी मी हुकूम सोडला असता. या वेळी दोन्ही वाटा सांगितल्या. बोट लगेच काढता येईल, किंवा रोज ड्रेसिंग करून थोडं थांबता येईल. पण थांबण्यात पाय जायचा धोका आहे. मामांनी वाकून त्या बोटाकडे पाहिलं.

"बोट गेलं तर बाजार हिंडनं सुटंल. थांबून बघू. तुमाला पटतंय का?"

जखम कोरडी होती, पू नव्हता. मला पटलं. आम्ही थांबलो, आणि पाय गुडघ्याखालून गेला.

कितीतरी दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. अखेर गेलो, तोही माफीचं भाषण पाठ करून. मामांनी ते मध्येच तोडलं.

"दोघांनी मिळून ठरवलं व्हतं ना? मंग चूक बी दोघांची. माझ्या वाट्याची तुमी काहून उचलून राहिले?"

मला रडू आवरेना. बाजेवर बसून मी लेकरासारखा रडलो.

"निम्मं राहू द्या, डाक्टर. ते माझं हाय," मामा म्हणाले, आणि मग तेही रडले.