सासऱ्यांची गाडी, माझी बॅटरी

सासऱ्यांना मी आवडत नव्हते आणि मला ते. लग्न ठरलं तेव्हाच हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं होतं. नवरा घरी असला की तो मध्ये उभा राहून दोघांनाही सांभाळून घ्यायचा. पण तो जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. सासूबाई गेल्या, पाठोपाठ सासऱ्यांची डावी बाजू झटक्याने अधू झाली आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो.

मालिशवाल्या डॉक्टरबाई वाशीला बसायच्या. ऑफिसला जाण्याआधी मी सासऱ्यांना तिथे नेत असे, त्यांच्याच गाडीतून. रिक्षाचं नाव काढलं की ते म्हणायचे, "मी काय कांद्याची गोणी आहे?" ही गाडी त्यांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि आता ती चालवायची होती मी. शेजारी बसून ते उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचे, जणू ब्रेक तिथेच आहे.

एका सकाळी मी चावी फिरवली तर नुसतं टक-टक झालं आणि समोरचे दिवे मंदावले.

"केलीस ना बंद?" ते म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपल्या गाडीला वायर जोडून आमची चालू करून दिली. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"बाबा, बॅटरी गेली आहे. बदलायला हवी."

"बॅटरी गेली नाही, तू घालवलीस. माझ्या हातात होती तोवर एकदा तरी बंद पडली होती का?"

मला न सांगता त्यांनी ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला. मी खाली गेले तेव्हा तो बॉनेट उघडून उभा होता. जुनी बॅटरी जमिनीवर, आणि तिच्या शेजारी एक भलीमोठी नवी. बाबा काठीवर रेलून सूचना देत होते.

"काका, ही टाकली की टेन्शनच नाय. ट्रक ओढेल."

ती बॅटरी खाचेत नीट बसत नव्हती. शिवाय तिचा प्लस दुसऱ्या बाजूला होता, त्यामुळे लाल वायर तिथवर पोचत नव्हती. त्याने वायर ओढायला सुरुवात केली.

"ओढू नका. ही ह्या गाडीची नाही."

"वहिनी, तुमी वर जाऊन चहा टाका ना. आमी बघतो."

"चहा मिळणार नाही. वायर सोडा."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ओढ तू. तिला काय कळतंय?"

मी त्याच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पार्किंगमध्ये येणारे-जाणारे थांबून बघू लागले होते. त्याने पुटपुटत आपली बॅटरी उचलली आणि स्कूटरवर ठेवून निघून गेला.

"चारचौघांत माझा अपमान केलास," बाबा म्हणाले.

"तुम्ही माझा रोज करता. चारचौघं नसतात, एवढंच."

जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो काढला, गाडीचं माहितीपुस्तक पर्समध्ये टाकलं आणि वाशीला दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा म्हणाला, "साहेबांना पाठवा ना मॅडम, त्यांना समजावून सांगतो." साहेब समुद्रात आहेत म्हटल्यावर त्याने मागच्या फळीवरून एक खोका काढला. त्यावर बोटभर धूळ होती. माप बरोबर, प्लसची बाजूही बरोबर, पण बनवल्याची तारीख पार गेल्या वर्षीची.

"ताजी द्या."

"बॅटरी काय दूध आहे का, नासायला?"

"ठेवून ठेवून उतरते. तुम्हाला माहीत आहे, मला नाही असं वाटलं तुम्हाला."

त्याने खोका आपटला, पण आतून दुसरी आणली. बसवून द्यायला माणूस पाठवतो म्हणाला, तो काही आला नाही. शेवटी मीच रिक्षाने जाऊन ती पायांमध्ये धरून घरी आणली. जड होती. लिफ्टपाशी कोणी दार धरलं नाही.

रविवारी सकाळी हातमोजे घालून खाली उतरले. बाबा आधीच येऊन उभे. वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने तो घासून काढला, टोकं फडक्याने कोरडी केली. नवी बॅटरी खाचेत ठेवून पट्टी आवळली. आधी लाल, मग काळी.

"शॉक लागून मरशील."

"मेले तर तुमची सुटका."

"माझी कसली सुटका? मला कोण बघणार मग?"

मी पाना ठेवला आणि आत बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. बाबांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता.

तेवढ्यात आमचा जिना पुसणाऱ्या बाई बादली घेऊन जवळ आल्या. त्या जवळच्याच गावातल्या. हसून म्हणाल्या, "बरा झाला. आता बाबांना परत गानी आयकाला मिलतील."

"कुठली गाणी?"

"तुमी हापिसात गेलं का येतान ना रोज. गारीन बसतान, पंखा लावतान, गानी लावतान. पार चहाच्या टायमापर्यंत."

म्हणजे बंद गाडीत पंखा आणि रेडिओ लावून रोज दुपारी बॅटरी उतरवत होते ते, आणि बोल मला. दुसरी चावी त्यांच्या कपाटात असायची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"खरं आहे हे?"

"माझी गाडी आहे."

"मग मला का बोलत होतात इतके दिवस?"

ते ओरडलेच. "कारण तुझ्या त्या घरात मला बसवत नाही! तुझ्या सासूची एक वस्तू जागेवर ठेवली नाहीस. डबेसुद्धा बदललेस. गाडीत तरी तू नसतेस."

बाई बादली उचलून निघून गेल्या. मी वर जाऊन कपाटातली चावी काढून घेतली.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "दे ना त्यांना. काय बिघडतं?"

"तू घरी ये आणि तूच दे."

बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, आणि दुपारी प्लास्टिकची खुर्ची नेऊन कुलूपबंद गाडीशेजारी बसू लागले. सोसायटीत चर्चा सुरू झाली. कोणी त्यांना पाणी देई, कोणी ताक. लिफ्टमध्ये मला पाहिलं की बायका गप्प होत. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी खाली गेले तेव्हा ते घामाने डबडबून तिथेच बसले होते. सबंध सोसायटीला दाखवायला बसलेत, असं मनात आलं आणि माझं डोकं फिरलं.

"गाडीत बसायचंय ना? बसा. पण चालत्या गाडीत. दिवाळे गावात मासळी आणायला चाललेय मी."

ते उठले. पुढचं दार मी उघडून धरलं होतं. त्याच्याकडे न बघता त्यांनी मागचं दार उघडलं आणि पाहुण्यासारखे मागे बसले.

खाडीकाठी मी बोंबील निवडू लागले तर मागून काच खाली करून आवाज आला, "शिळे आहेत."

"मग तुम्ही उतरा आणि घ्या."

ते खरंच उतरले. काठी टेकत कोळणीपर्यंत गेले, तिच्याशी कडाकडा भांडले. तिनेही त्यांना सोडलं नाही. परत आले तेव्हा पिशवीत बोंबलांऐवजी मांदेली होती.

घरी आल्यावर दुसरी चावी मी त्यांना परत दिली. अट एकच, दर शनिवारी मी गाडी लांबवर फिरवणार आणि ते सोबत येणार, म्हणजे बॅटरी भरलेली राहील. त्यांनी हो म्हटलं नाही, पण शनिवारी चपला घालून दाराशी उभे असतात. बसतात मात्र मागेच. मी आरशात पाहिलं की खिडकीबाहेर बघायला लागतात.